एक्सपल्सवर दहा हजारांत घरच्या घरी काय करून घ्यावं?

तुमच्याकडे हिरोची एक्सपल्स २०० मोटारसायकल आहे, हातात दहाएक हजार आहेत आणि पावसाळ्यात धुळ्याहून शहादामार्गे तोरणमाळ, धडगावकडे जायचंय, म्हणून विचारताय. भाऊ, क्रॅश गार्ड, हेडलाइटची जाळी, स्टिकर हे सगळं शेवटी. पहिला पैसा पंक्चरवर घाला.

आपल्याकडे बांधावरनं गाडी गेली की वेड्या बाभळीचा काटा ठरलेला. तुमच्या गाडीला तारांची चाकं आणि ट्यूबचे टायर, पुढे २१ इंची, मागे १८. ट्यूबलेसची वात भरायची किट इथे कामाची नाही. म्हणून दोन्ही मापांच्या ट्यूब, तीन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), चाक काढायचे पाने आणि एक पंप गाडीवर कायम ठेवा. त्याआधी एखाद्या रविवारी अंगणात मागचं चाक स्वतः काढून ट्यूब बदला. सातपुड्यात घाट लागल्यावर शिकायची ती गोष्ट नाही.

टायर रिमपासून सुटत नसेल तर दुसऱ्या गाडीचं साइड स्टँड टायरच्या कडेवर दाबा, सुटतो. लिव्हर लावताना समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून धरा. हे जमलं की जोर फारसा लागत नाही. नाही जमलं तर नवी ट्यूबच लिव्हरखाली चिमटते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. मोडलेलं काट्याचं टोक आत राहिलं तर तीही जाते. व्हॉल्व्हची चकती रिमला आवळू नका, टोपीकडे वर सरकवून ठेवा. कमी हवेत टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो आणि तो उपटायच्या आत तुम्हाला कळतं. खडीवर, चिखलात हवा १८–२० पीएसआयपर्यंत उतरवा, डांबरीवर आल्यावर परत भरा. पंप त्यासाठीही लागतो.

काळ्या मातीसाठी एकच काम, पण करूनच घ्या. साइड स्टँडच्या तळाला हाताच्या पंजाएवढी लोखंडी पट्टी जोडून घ्या. शेतात गाडी उभी केली की साधं स्टँड रुततं आणि गाडी आडवी होते. स्टँड खोलून वेल्डिंगवाल्याकडे न्या. गाडीवरच वेल्डिंग करू देऊ नका, इलेक्ट्रॉनिक्सला धोका असतो. पट्टी इतकी जाड नको की स्टँड वर घेताना कुठे अडकेल.

फुकटातली सुधारणा म्हणजे क्लच आणि ब्रेकचे लिव्हर. क्लॅम्प ढिले करून ते थोडे खाली फिरवा. पायदानावर उभं राहून बोटं लिव्हरवर ठेवली की मनगट सरळ राहायला हवं. घाटातल्या खराब रस्त्यावर हात भरून येणं याने बरंच थांबतं. हँडल उंच करणारा रायझर मात्र स्वतःची उंची बघून. लावलात तर इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवा. केबल ताणून आरपीएम वाढत असेल तर तसं चालवू नका.

चेन रॉकेलने पुसा आणि ९० नंबरचं गियर ऑइल लावा. पेट्रोलने चेनमधल्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, खराब होतात.

जादा दिवे हवेच असतील तर २० वॉटची जोडी पुरे. दोन्ही मिळून ४० वॉट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअरच्या आत. बॅटरीवरून रिले (बटणाने चालणारा विजेचा स्विच) आणि ५ अँपिअरचा फ्यूज घालूनच वायर ओढा, हेडलाइटची वायर कापून जोडू नका. सायलेन्सरला हात लावू नका. आवाज वाढतो, पोलीस अडवतात आणि तोरणमाळच्या चढावर काडीचा फायदा होत नाही.

सामानाला महागड्या पेट्या नकोत. ट्रॅक्टरची ताडपत्री शिवणाऱ्याकडून दोन थैल्या शिवून घ्या. सायलेन्सरच्या बाजूला लोखंडी सळईची चौकट लावा आणि थैली भरून, मागे माणूस बसवून ती कुठे टेकत नाही ना, हे बघूनच निघा.