माझ्या कलेक्शन क्लासमध्ये ‘इंडेक्सने काढा’ आणि ‘मूल्याने काढा’ या दोन्ही मेथडना ‘रिमूव्ह’ हेच नाव दिलं तर चालेल का?

देऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. पॅरामीटरचा टाइप वेगळा असल्यामुळे कंपायलरचा गोंधळ होणार नाही, हे खरं आहे. गोंधळ कोड वाचणाऱ्याचा होतो.

जावाच्या लिस्टमध्ये नेमकं हेच झालं. १९९८ साली जावा १.२ मध्ये कलेक्शन्स आली तेव्हा हिशेब सरळ होता: रिमूव्हला इंट (साधा पूर्णांक) दिला तर इंडेक्स, म्हणजे जागेचा क्रमांक; ऑब्जेक्ट दिला तर मूल्य. साधा इंट लिस्टमध्ये ठेवताच येत नसे, त्यामुळे गल्लतीला फारशी जागा नव्हती. २००४ मध्ये जावा ५ सोबत ऑटोबॉक्सिंग, म्हणजे इंटचं आपोआप ऑब्जेक्टमध्ये रूपांतर, आलं. लिस्टमध्ये भर घालणाऱ्या ॲडला थेट इंट देता येऊ लागला, रिमूव्हला दिलेला इंट मात्र इंडेक्सच राहिला आणि तेच निरुपद्रवी नाव सापळा बनलं.

त्यात मीही अडकलोय. बस आरक्षणाच्या प्रोग्रॅममध्ये आरक्षित सीटचे नंबर लिस्टमध्ये होते: ३, ७, १२, १, ९. तीन नंबरची सीट रद्द करायची म्हणून रिमूव्हला ३ दिले. इंडेक्स शून्यापासून मोजतात, त्यामुळे लिस्टने चौथी नोंद, म्हणजे १ नंबरची सीट, मोकळी केली. एरर नाही, वॉर्निंग नाही. टेस्टिंगमध्ये सापडलं म्हणून बरं, नाहीतर एकच सीट दोघांना विकली गेली असती. ती ओळ मी कितीदा तरी वाचली होती आणि दर वेळी मला ती बरोबरच वाटली होती.

सी-शार्प आणि कॉटलिन यांनी इथे दोन नावं ठेवली: मूल्यासाठी ‘रिमूव्ह’, जागेसाठी ‘रिमूव्हॲट’. तुम्हीही तेच करा.

मूल्य सापडलंच नाही तर काय, हेही आत्ताच ठरवा. पायथनच्या सेटमध्ये ‘रिमूव्ह’ एरर देतं, ‘डिस्कार्ड’ गुपचूप पुढे जातं. दोन वेगळे हेतू, दोन वेगळे शब्द. मला ही रचना फार आवडते.

आणि हे सगळं क्लास इतरांच्या हाती देण्याआधी करा. जावास्क्रिप्टमध्ये ॲरेच्या आतले ॲरे उलगडणाऱ्या मेथडसाठी ‘फ्लॅटन’ हे नाव ठरत होतं, पण मूटूल्स या जुन्या लायब्ररीने तेच नाव आधी वापरलेलं असल्याने चालू वेबसाइट बिघडू लागल्या. २०१८ मध्ये शेवटी ‘फ्लॅट’वर समाधान मानावं लागलं. तुमचा क्लास अजून तुमच्याच हातात आहे, तुम्हाला नाव बदलायला पाच मिनिटं पुरतील.