टेक्सासचं मल्टिस्टेट नर्सिंग लायसन्स आहे, त्यावर कॅलिफोर्नियात काम करता येईल का?

नाही, कॅलिफोर्निया नर्स लायसन्शर कॉम्पॅक्टमधेच (एकाच मल्टिस्टेट लायसन्सवर सगळ्या सदस्य राज्यांत नर्सचं काम करू देणारा अमेरिकेतल्या राज्यांमधला करार) नाहीये (न्यूयॉर्क पण नाही), त्यामुळे तिथे एन्डॉर्समेंटने (म्हणजे आधीच्या लायसन्सच्या आधारावर) वेगळं लायसन्स काढावंच लागतं आणि त्यात वेळ जातो, सो असाइनमेंट साइन करायच्या आधीच अर्ज टाका. ॲरिझोना, फ्लोरिडा वगैरे कॉम्पॅक्टवाल्या राज्यांत मात्र तुमचं आहे तेच चालतं. व्हिडिओवर पेशंट बघणार असाल तरी सुटका नाही, पेशंट ज्या राज्यात बसलाय तिथे चालणारं लायसन्स हवं आणि नियमही तिथलेच, हे कॉम्पॅक्टच्या कायद्यातच आहे. फक्त मुक्कामच कायमचा दुसऱ्या कॉम्पॅक्ट राज्यात हलवलात तर ६० दिवसांत तिथल्या नर्सिंग बोर्डाकडे अर्ज करायचा, टेक्सासच्या लायसन्सवर रेटत राहता येत नाही.