सकाळच्या वाफेचा क्रम

वहिनी, लेकराच्या सिस्टिक फायब्रोसिसचं (फुफ्फुसात घट्ट कफ साठवणाऱ्या, पचनही बिघडवणाऱ्या जन्मजात आजाराचं) पहिलं वर्ष तुम्हाला जड जातंय, मलाही ते असंच जड गेलं. खानापूरला आमच्या घरी साडेपाचला दिवस सुरू होतो. आधी श्वासनलिका मोकळी करणारं औषध, मग डॉक्टरांनी दिलेल्या ३ किंवा ७ टक्के सलाईनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची, नेब्युलायझर मशीनने वाफ, मग छाती-पाठ थोपटणं. अँटिबायोटिकची वाफ असेल तर ती शेवटी, कफ निघाल्यावर. घाईच्या दिवशी काय गाळलं तर चालेल, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, मनाने ठरवू नका. पावसात वीज जाते म्हणून आम्ही बॅटरीचं मशीन घेतलं. त्या खर्चाचं कधीच वाईट वाटलं नाही.

अन्न पचवायला लागणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल विसरू नका. दूध, शेंगाचटणी, अगदी कुंद्याचा तुकडा खातानाही द्यायच्या. गिळता येत नसेल तर आतले दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात. चावू देऊ नका, गरम भातात कालवू नका. उन्हाळ्यात घामातून मीठ जातं, तेवढं जास्त मीठ डॉक्टर सांगतील त्या मापाने द्या.

आणि थोपटायचं काम एकट्या अंगावर घेऊ नका. दादांना शिकवा, आजीलाही. माझ्या सासूबाई संध्याकाळी अभंग म्हणत थोपटतात, तेवढा वेळ मी अंगणात नुसती बसते.