तिची टाचणवही मी शिफारसपत्र म्हणून वाचली

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापूस उत्पादक वडिलांचं पत्र आहे. मुलगी अकोल्याहून बी.एस्सी. कृषी झाली आणि घरच्यांच्या मनाविरुद्ध बी.एड.ला गेली. सध्या ती छात्रसेवाकाळात, म्हणजे बी.एड.च्या शाळेतल्या सरावाच्या काळात, एका हायस्कुलात नववीला शेती विषयाचे तास घेते. "तिचं मन एमपीएससीकडे कसं वळवू?" असं ते विचारतात. पुरावा म्हणून त्यांनी तिच्या टाचणवहीतल्या, म्हणजे पाठांची आखणी लिहायच्या वहीतल्या, दोन पाठांचे फोटो जोडले आहेत.)

नमस्कार भाऊ,

तिच्या बी.एड.पेक्षा तुमचं एक वाक्य मला जास्त खटकलं: "फॉर्म भरेपर्यंत खोलीभाडं पाठवणार नाही, असं सांगून टाकलं." पदवी घेतलेल्या मुलीला महिन्याच्या भाड्यावरून वाकवायचं, ही सरळ अडवणूक आहे. छात्रसेवाकाळात तिला पगार नाही आणि दिवस सगळा शाळेत जातो, त्यामुळे चार पैसे मिळवायचीही सोय नाही. ते भाडं आजच पाठवा.

"शेतीतून सुटावी म्हणून शिकवली, आणि ही पोरांना शेती शिकवत बसली," असंही तुम्ही लिहिलंय. कापसाचे भाव आणि बोंडअळी दोन्ही सोसलेल्या माणसाचं हे दुखणं मला समजतं. पण एमपीएससीतून कृषी अधिकारी झाली तरी तिला बांधावर जाऊन शेतीच सांगायची आहे! म्हणजे तुमची हरकत शेतीला नाहीच, हुद्द्याला आहे. नातेवाइकांत सांगताना अवघड वाटतं, हे तुम्हीच पुढे लिहिलंय. तुमच्या अवघडण्यासाठी तिनं पुढची वर्षं स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत घालवावीत, हे मला मान्य नाही.

आता ते फोटो. "दाणे मोजत बसते" असं तुम्ही त्याखाली लिहिलंत. तो हरभऱ्याच्या उगवणक्षमतेचा पाठ आहे. मुलांनी घरच्या बियाण्यातले शंभर दाणे आणले, ओल्या गोणपाटात गुंडाळले आणि आठवडाभरानं कोंब मोजले. एका मुलाच्या घरचे ६१ उगवले. प्रमाणित हरभऱ्याला किमान ८५ टक्के उगवण लागते. पेरणीच्या तोंडावर त्या घराला हे कळलं. बियाणं बदलायचं की एकरी प्रमाण वाढवायचं, हे त्यांना वेळेत ठरवता आलं. दुबार पेरणीचा खर्च किती येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा पाठ फवारणीचा. पहिल्या तासाला तिनं पुस्तकातली व्याख्या वाचली, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, तुम्ही कधी फवारलं का?" आत्मपरीक्षणाच्या रकान्यात तिनं तो प्रश्न तसाच लिहून ठेवलाय आणि पाठ नव्यानं आखलाय. औषधाच्या डब्यावरचे त्रिकोण तिनं फळ्यावर काढले: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. घरच्या डब्याला हात न लावता फक्त रंग बघून या, असा गृहपाठ दिला. निम्म्याहून जास्त वह्यांत लाल आणि पिवळा आला. तुमच्याच जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. त्या जिल्ह्यात, ऐन फवारणीच्या हंगामात हा पाठ घ्यावा हे तिला सुचलं. हे सुचणं कुठल्याही क्लासमध्ये शिकवता येत नाही. तुम्ही ज्याला पुरावा म्हणता, ते मी तिचं शिफारसपत्र म्हणून वाचलं.

एमपीएससीची कृषी सेवा, बँकेतला कृषी क्षेत्र अधिकारी, कृषी सेवक हे रस्ते तुम्हाला पाठ आहेत. तिला हवे असतील तर तिनं जरूर जावं.

एक गैरसमज मात्र आत्ताच काढून टाका. "निदान बी.एड.वर कृषी महाविद्यालयात तरी चिकटेल," असं तुम्ही धरून चाललाय. तसं होत नाही. तिथं बी.एड.ची अटच नाही. सहायक प्राध्यापकाला त्या विषयातली एम.एस्सी. आणि कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची नेट ही पात्रता परीक्षा, किंवा पीएच.डी. लागते. बी.एड. उपयोगी पडतं ते शाळेत, आणि पदव्युत्तर पदवी जोडीला असेल तर कनिष्ठ महाविद्यालयात. शाळांतल्या व्यवसाय शिक्षणात शेतीचे प्रशिक्षक बहुतेक कंत्राटी असतात, हेही तिला माहीत असू द्या. शिकवण्याची आवड खरी असली तरी नुसत्या बी.एस्सी.-बी.एड.वर तिनं थांबू नये. हे तिला मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन.

म्हणून माझा सल्ला असा: बी.एड. पूर्ण करावं आणि कृषी विस्तार शिक्षणात एम.एस्सी. करावी. शेतकऱ्याला नवीन गोष्ट कशी पटते, तो ती कधी स्वीकारतो आणि का नाकारतो, हाच त्या विषयाचा गाभा आहे. तिनं नववीच्या वर्गात नेमकं तेच केलंय. पुढे कृषी विज्ञान केंद्रात विषय विशेषज्ञ म्हणून आणि विद्यापीठात अध्यापक म्हणून वाट आहे. मध्ये एखादी मोठी सुट्टी मिळाली की तिनं पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहून यावा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथून शाळांसाठी जो मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला, त्यात शेती-पशुपालन हा हातानं काम करून शिकायचा विभाग आहे. आपण करतोय ते काम महाराष्ट्रात आधीपासून कुणीतरी जिद्दीनं करतंय, हे तिला तिथं दिसेल.

पुढचं पत्र तिनं स्वतः लिहावं. सोबत बी.एस्सी.चं गुणपत्रक जोडलं तर पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीबद्दल मी तिच्याशीच बोलेन.