बारावीचं वर्ष आणि पुढचे रस्ते: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं बारावीतल्या मुलामुलींची आणि त्यांच्या आईवडिलांची आहेत. सगळ्यांचा प्रश्न फिरून तोच, की सगळ्यात चांगलं काय. पण ते नाही मिळालं तर काय, त्याला खर्च किती, फॉर्म कधी निघतो, हे फार कमी जणांनी विचारलंय, आणि माझं म्हणणं आहे की या वर्षी घरात बसून बोलायचं ते हेच आहे, तेही निकालानंतर नाही, आत्ता. म्हणून उत्तरं त्याच अंगाने देतेय.

प्रश्न: ताई, मी तासगाव तालुक्यातली, बारावी सायन्स, ग्रुप पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो). नीटचा, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेचा क्लास चालू आहे. मॉकला, म्हणजे सराव परीक्षेला, ७२० पैकी ३२० ते ३६० च्या मध्ये मार्क येतात, वर जातच नाहीत. घरी सगळे म्हणतात एमबीबीएसच करायचं, यावर्षी नाही लागलं तर ड्रॉप घे, म्हणजे वर्षभर थांबून परत परीक्षा दे. मॅथ्स सोडलंय त्यामुळे दुसरं काही करता येणार नाही असं मैत्रिणी म्हणतात. मला खूप टेन्शन येतं.

आधी मैत्रिणींचं बघू. मॅथ्स सोडल्याने इंजिनिअरिंगचा रस्ता जवळजवळ बंद झाला हे खरं, पण बाकीचं बरंच उघडं आहे गं. नीटच्याच स्कोअरवर बीडीएस (दातांचं), बीएएमएस (आयुर्वेद), बीएचएमएस (होमिओपॅथी), फिजिओथेरपी, आणि जनावरांचा डॉक्टर व्हायचं असेल तर बीव्हीएससी, हे सगळं होतं. बीफार्म आणि बीएस्सी अ‍ॅग्रीचे प्रवेश मात्र मुख्यतः एमएचटी-सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर होतात, आणि बीएस्सी नर्सिंगची सीईटी आणखी वेगळी आहे. दरवर्षी कितीतरी मुली फक्त नीटचा फॉर्म भरतात आणि निकालानंतर मग अ‍ॅग्री बघू म्हणतात, तेव्हा सीईटी होऊन गेलेली असते. तू तसं करू नकोस. सीईटी सेलच्या, म्हणजे ही परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाच्या वेबसाइटवर नोटीस आली की पीसीबी ग्रुपचा फॉर्म भरून टाक, घरच्यांना वाटलं तरी चालेल की हिचं नीटवरून लक्ष उडालं. त्यांना सांग की अभ्यास तोच आहे, फिजिक्स केमिस्ट्रीचे ५०-५० आणि बायोचे १०० असे २०० मार्क, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे बाकी बारावीचे, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. नीटला ७२० पैकी प्रत्येक बरोबर उत्तराला ४ आणि चुकलं की १ कट, तिथे हात आखडता घ्यायची सवय लागते, ती सवय सीईटीला सोडावी लागते, म्हणून दोन-चार पेपर तरी सीईटी पद्धतीने सोडवून बघ.

आता ड्रॉपचं. मी ड्रॉपच्या विरोधात नाही, पण निकाल लागल्यावर रडत रडत घेतलेल्या ड्रॉपच्या विरोधात आहे. आत्तापासून एप्रिलपर्यंतच्या सगळ्या मॉकचे मार्क एका वहीत लिहून ठेव, विषयवार. सिलॅबस पूर्ण झाला नाही म्हणून मार्क अडकलेत असं त्यातून दिसलं, म्हणजे जे चॅप्टर झालेत त्यात मार्क येतात आणि जे राहिलेत तिथेच जातात, तर एक वर्ष आणखी देण्यात अर्थ आहे. पण सगळं दोनदा वाचून झालंय आणि तरी फिजिक्सला तेवढेच येतात, तर त्याच क्लासला त्याच पद्धतीने परत वर्ष घालून काय बदलणार आहे, हे घरच्यांना विचार, आणि क्लासची फी, होस्टेल, मेस असा वर्षाचा सगळा आकडा कागदावर मांडून विचार. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही नाही, त्यामुळे मुली दोन-दोन तीन-तीन वर्षं अडकतात. थांबायचं कुठे हे पहिल्या वर्षीच ठरवलेलं बरं.

आणखी एक, हे सगळ्याच नीटवाल्यांना सांगतेय, बोर्डाला हलकं घेऊ नका. एमबीबीएसला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून ओपनला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के लागतात. नीटला चांगला स्कोअर येऊन बोर्डात अडकणं यासारखं वाईट काही नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नल वेळेत पूर्ण करा.

तुझ्या टेन्शनबद्दल एवढंच सांगते बाळा, की ३५० च्या आसपासच्या मुलीला सरकारी एमबीबीएस अवघड आहे हे तुला आतून कळलंय, घरी बोलायची भीती वाटतेय. आईशी आधी बोल, एकटीशी. आणि जाताना दोन कोर्सची नावं, कॉलेजं आणि फी लिहून ने, म्हणजे बोलणं फक्त "मला जमत नाही" इथेच थांबणार नाही.

प्रश्न: मी शेतकरी आहे, थोडा ऊस आणि थोडी कोरडवाहू जमीन. मुलगा बारावी सायन्सला, गणित घेतलंय, अभ्यासात मध्यम. आम्हाला वाटतं इंजिनिअरिंगला घालावं, तो म्हणतो मला डिप्लोमा नाहीतर आयटीआय करू द्या. लोक म्हणतात तेच करायचं होतं तर दहावीनंतरच करायचं, दोन वर्षं वाया गेली. काय करावं?

दादा, दोन वर्षं वाया गेली हे पूर्ण खरं नाही. बारावी सायन्स झालेल्या मुलाला पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे तीन वर्षांचा डिप्लोमा दोन वर्षांत होतो, आणि त्याला सीईटी लागत नाही. डिप्लोमा करून त्याला पुढे शिकावंसं वाटलं तर इंजिनिअरिंगच्याही थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. थेट इंजिनिअरिंग केलं तर चार वर्षं, डिप्लोमावरून गेला तर पाच. एक वर्ष जास्त, पण मध्ये एक पायरी अशी आहे की जिथे थांबून नोकरी करता येते, आणि मध्यम अभ्यासाच्या पोराला पहिल्या वर्षाचं एम-वन एम-टू, म्हणजे गणिताचे पेपर, थेट अंगावर येत नाही. माझं मत विचाराल तर तुमच्या मुलाला हा रस्ता चांगला आहे, आणि तो स्वतः मागतोय ही तर मोठीच गोष्ट आहे.

आयटीआयचं वेगळं. तिथे प्रवेश दहावीच्या मार्कांवर होतो, इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, मग कंपनीत अप्रेंटिसशिप, त्यात स्टायपेंड मिळतो. महावितरणच्या विद्युत सहायक पदाला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचंच आयटीआय लागतं, इंजिनिअरिंगची डिग्री तिथे कामाची नाही. हाताने काम करायची आवड असेल तर यात कमीपणा काही नाही. तुमच्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक दिवस मुलाला घेऊन जा, वर्कशॉप बघा, मशीन चालू आहेत की झाकून ठेवलीत ते बघा, शिकवणाऱ्या सरांना विचारा की मागच्या बॅचची पोरं कुठे लागली.

आणि तरी इंजिनिअरिंगच करायचं ठरलं तर तीन गोष्टी सांभाळा. पहिलं म्हणजे सीईटी मनापासून द्यायला सांगा, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपला गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ मार्क आहेत, २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे, आणि बोर्डात पीसीएमला ओपनला ४५ टक्के लागतात, राखीवला ४०. दुसरं, प्रवेश कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच घ्या, कारण फी सवलतीच्या बहुतेक योजना कॅपच्या प्रवेशालाच लागू होतात, आणि मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की पूर्ण फी तुमच्या डोक्यावर. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत अर्धी ट्यूशन फी माफ होते, शिवाय टीएफडब्ल्यूएस म्हणून जागा असतात, तिथे ट्यूशन फी घेत नाहीत, त्यांचा कोड ऑप्शन फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो आणि कितीतरी लोकांना ते माहीतच नसतं. तिसरं, ऑप्शन फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय देता येतात आणि पहिल्या नंबरला लिहिलेलं कॉलेज लागलं की ते फ्रीझ होतं, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणून पहिलं नाव विचार करूनच टाका. नेटकॅफेवाल्याच्या भरवशावर फॉर्म सोडू नका, मुलाला शेजारी बसवा.

प्रश्न: कॉमर्सला आहे, सीए करायचंय, पण पास होत नाहीत म्हणतात. बीकॉम सोबत करू की आधी?

सोबत कर. सीएची पहिली परीक्षा फाउंडेशन, तिला आत्ताच रजिस्ट्रेशन करता येतं, परीक्षा बारावीनंतर, वर्षातून तीनदा होते, चार पेपर, प्रत्येकात ४० आणि एकूण ५० टक्के हवेत. रजिस्ट्रेशन आणि परीक्षा यात चार महिन्यांचं अंतर लागतं, त्यामुळे पहिली संधी धरायची तर बारावीच्या निकालाची वाट बघत बसू नकोस. फाउंडेशन दोन-तीन वेळा अडकलं तरी बीकॉम चालू राहतं, आणि बीकॉमला ५५ टक्के पडले तर फाउंडेशन न देता थेट पुढच्या टप्प्याला, इंटरमीडिएटला जाता येतं, म्हणून बीकॉमचे मार्क टाकाऊ समजू नकोस. आणि बीबीए, बीसीए मनात असेल तर लक्षात ठेव, २०२४ पासून त्यालाही सीईटी आहे.

प्रश्न: मी आर्ट्सला आहे, मला युनिफॉर्मची नोकरी हवी. सर म्हणाले आर्ट्सवाल्या मुलींनी पोलीस भरतीच करावी. एनडीए, म्हणजे सैन्यातले अधिकारी घडवणारी प्रबोधिनी, मुलींना असते का?

असते! २०२१ ला सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने मुलींना एनडीएची परीक्षा खुली झाली, २०२२ ला पहिली बॅच खडकवासल्याला दाखल झाली आणि २०२५ च्या मे महिन्यात १७ मुली तिथून पास होऊन बाहेर पडल्या. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, एअरफोर्स आणि नेव्हीला मात्र फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. बारावीत असतानाच परीक्षा देता येते, यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे, ९०० मार्कांच्या लेखीत ३०० मार्कांचं गणित आहे, अकरावी-बारावीच्या लेव्हलचं, आणि तुझं गणित दहावीला सुटलेलं असणार. रोज दोन तास गणित करायची तयारी असेल तरच यात पड, पण तयारी असेल तर सरांच्या बोलण्यावरून माघार घेऊ नकोस.

पोलीस भरतीही चांगलीच आहे, बारावी पास लागतं, मुलींना उंची १५५ सेंटीमीटर, आणि धावणं आणि गोळाफेक दोन्हीच्या प्रॅक्टिसचा एनडीएवाल्यांनाही फायदाच होतो. सोबत पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटी देऊन ठेव, आर्ट्सच्या मुलींना ती जमते आणि पुढे स्पर्धा परीक्षांना कायद्याचा अभ्यास उपयोगी पडतो. घरची परिस्थिती अशी असेल की नोकरी करत शिकावं लागेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए करता येतं, भरती परीक्षांना ती डिग्री चालते.

प्रश्न: कागदपत्रं कोणती आणि कधी काढायची? मुलींना फी माफ आहे म्हणतात ते खरं का?

खरं आहे, पण अटी आहेत. २०२४-२५ पासून कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी विद्यापीठं आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं यात येत नाहीत, होस्टेल-मेसचा खर्चही येत नाही. नावाजलेलं खासगी विद्यापीठ बघून ऑगस्टमध्ये भरलेली फी परत मागणारे पालक दरवर्षी भेटतात, मला फार वाईट वाटतं. प्रवेशाआधी विचारा की हे कॉलेज कुठल्या प्रकारात मोडतं.

कागदपत्रांत सगळ्यात आधी जात पडताळणी, कारण वेळ तिलाच लागतो. जातीचा दाखला आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, व्यावसायिक कोर्सला राखीव जागेवर जायचं तर व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, लागतेच, तिचा अर्ज कॉलेजमार्फत बारावीत असतानाच जातो, तुमच्या कॉलेजच्या ऑफिसात या आठवड्यातच विचारा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुने महसुली पुरावे हे गावाकडून आणायला महिने जातात. मुदतवाढ मिळेल या आशेवर बसू नका. मग डोमिसाईल, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून प्रवेशाच्या वर्षासाठी पुढच्या मार्चपर्यंत चालणारं हवं, जुनं दाखवून चालत नाही. ईडब्ल्यूएसचं पण तसंच, त्या वर्षाचं लागतं. दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकच आहे का ते आज रात्रीच दोन्ही समोर ठेवून बघा, आणि आधार बँक खात्याला जोडून घ्या, महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरचे पैसे त्याच खात्यात येतात. शिक्षणात वर्षाचा गॅप पडला असेल तर नोटरीचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं, ते एका दिवसात होतं, त्याची चिंता नको. जून-जुलैत सेतूत जी गर्दी असते ती बघितली असेल तर सांगायला नको, ज्यांची मुदत मार्चला संपत नाही ती सगळी कागदपत्रं दिवाळीच्या सुट्टीला लागून काढून घ्या, मार्चला संपणारी एप्रिल लागताच काढा, आणि प्रत्येकाचा स्कॅन मुलीच्या आणि पालकांच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा.