वाचक विचारतात: कूलरचा झटका, शाळेची विहीर, गव्हातल्या गोळ्या

प्रश्न: एप्रिल लागला तसा कूलर बाहेर काढला. ओल्या हाताने टिनाला शिवलं का झिणझिण्या येतात. प्लग उलटा लावला का बंद होतात. मग उलटाच राहू द्यावा काय?
— एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर: अजिबात नको. टू-पिन प्लग फिरवला की फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) यांची अदलाबदल होते. गळतीची जागा न्यूट्रलच्या बाजूला आली तर झिणझिण्या थांबतात, बिघाड मात्र तिथेच असतो. उद्या घरातलं कोणी तोच प्लग सरळ खोचेल, आणि तेव्हा पाय ओल्या फरशीवर असतील.

गळती बऱ्याचदा पंपाकडून असते. टाकीतल्या पंपाची वायर पत्र्याच्या भोकातून वर येते. भोकाला रबरी बुश (कड झाकणारी कडी) नसला, तर मोटारीच्या थरथरीने पत्र्याची कड वायरचं आवरण कापत राहते. प्लग काढून ती जागा उजेडात पाहा, काळ्या वायरवर चरा दिसेल. अशी वायर टेप गुंडाळून वापरू नका, बदलाच. जोड द्यावाच लागला तर तो टाकीबाहेर ठेवा. वायर चांगली निघाली तर पंप आणि पंख्याची मोटार वायरमनकडून तपासून घ्या.

त्यानंतर तीन तारांची वायर, थ्री-पिन प्लग. हिरवी म्हणजे अर्थिंगची तार बॉडीला नट-बोल्टने कसा, पण आधी तिथला रंग खरवडा. रंगावर कसलेली तार कामाची नाही. घराचं अर्थिंगही, म्हणजे गळालेली वीज जमिनीत उतरवणारी सोय, चालू हवं, आणि इथे आपली काळी माती दगा देते. उन्हाळ्यात ती भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. शिवाय कोरड्या मातीतून वीज नीट जमिनीत उतरत नाही. म्हणजे कूलरच्या दिवसांतच अर्थिंग सर्वांत कमजोर! अर्थिंगच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यात मार्चपासून अधूनमधून बादलीभर पाणी ओतत राहा.

एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणूस मरायला ०.१ अँपिअरही पुरतो. माणूस वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. कोणी चिकटलंच तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच पाडा.

टाकी दर आठवड्याला रिकामी करून ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून नुसतं पाणी फेकून उपयोग नाही.

प्रश्न: शाळेच्या आवारातल्या विहिरीत पावसाळ्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकावी? सध्या शिपाई ओंजळीने टाकतो.
— मुख्याध्यापक, ता. आर्णी

उत्तर: ओंजळीचं माप सोडा. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि ०.७८५ ने गुणा, मग १००० ने गुणा, आले लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे साधारण २८,२६० लिटर. चांगल्या पावडरीचा सुरुवातीचा अंदाज १००० लिटरला २.५ ग्रॅम, म्हणजे इथे सुमारे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते.

पावडर प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळा. दहा मिनिटांत पांढरा चुना खाली बसतो. तो विहिरीत जाऊ द्यायचा नाही, त्याने पाणी जड होतं. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, बादली दोरीने विहिरीत सोडून वर-खाली हलवा. तासभर पाणी उपसू नका. मग ओटी टेस्ट (पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन पाहायची चाचणी) करा: फिकट पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे, रंगच नाही तर पुन्हा डोस. पोतं उघडं राहिलं की पावडरीतला क्लोरीन उडून जातो आणि हिशोब बरोबर असूनही पाणी दूषितच राहतं. हे काम मुलांना सांगू नका. संडासाच्या ॲसिडशेजारी पावडर ठेवू नका; दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.

आवारात बोअर असेल तर हेही ध्यानात घ्या, की टीसीएलने फ्लोराइड (दात-हाडं बिघडवणारा क्षार) जात नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे काही बोअरांना तो आहे. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटल्यावर वाढतो. अशा बोअरच्या पाण्याची तपासणी वेगळी करून घ्या.

प्रश्न: गव्हाच्या कोठीत किड्यांसाठी गोळ्या टाकल्या आहेत. कोठी झोपायच्या खोलीत आहे. चालेल ना?
— एक गृहिणी, ता. आर्वी

उत्तर: आज रात्रीच सगळे दुसऱ्या घरी झोपा. या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलीने त्यातून फॉस्फिन वायू निघतो; ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम. त्यावर उतारा नाही. लसणासारखा वास आला तर समजा वायू खोलीत आहे. पण वास नाही म्हणून धोका नाही, असं समजू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा. गोळ्यांवर पाणी ओतू नका, वायू आणखी जोरात सुटतो. त्या काढायचं काम परवानाधारक कीड नियंत्रणवाल्याचं. या गोळ्या घरगुती वापरासाठी विकायच्याच नसतात. कोणाला मळमळ, उलटी, धाप लागली तर १०८ ला फोन करा आणि गोळ्यांचं पाकीट दवाखान्यात दाखवायला न्या.

पुढच्या वर्षी गहू कडक उन्हात वाळवा. दाताखाली दाणा कट्‌कन तुटला की भरायला हरकत नाही. भरण्याआधी एरंडेलाचा हात फिरवा, कोठीचं तोंड घट्ट लावा.