फ्यूजन केंद्राच्या शेजारचं गाव : वाचकांचे प्रश्न

फ्यूजनवर, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्यावर, काही लिहिलं की येणारी पत्रं बहुतेक स्फोटाबद्दल असतात. गावावर खरा परिणाम होतो तो बांधकामाचा, रस्त्यांचा, घरभाड्यांचा आणि पुढे ढकलल्या जाणाऱ्या तारखांचा. त्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. दक्षिण फ्रान्समध्ये कादाराशला उभं राहत असलेलं ईटर हे या क्षेत्रातलं सर्वांत मोठं केंद्र, आणि भारत त्यात भागीदार आहे. म्हणून बहुतेक उदाहरणं तिथलीच घेतली आहेत.

जैतापूरचा प्रकल्प फ्यूजनचाच ना? (राजापूर)

नाही. तो युरेनियमच्या विखंडनावर, म्हणजे अणू फोडण्यावर, चालणाऱ्या अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे.

चेर्नोबिलसारखा अपघात होऊ शकतो का? आमच्याकडे एक व्याख्याते म्हणाले, फ्यूजनमध्ये किरणोत्सर्ग अजिबात नसतो. (नागपूर)

तसा अपघात नाही होत. इथे साखळी अभिक्रिया नसते, भट्टीच्या पात्रात एका वेळी जेमतेम काही ग्रॅम इंधन असतं आणि जरा बिघाड झाला की प्लाझ्मा (अतितप्त, विद्युतभारित वायू) विझतो. पण ‘अजिबात नसतो’ ही थाप आहे. इंधनातलं ट्रिटियम किरणोत्सर्गी असतं, त्याचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, आणि हायड्रोजनचंच भावंड असल्याने ते पाण्यात सहज मिसळतं. न्यूट्रॉनच्या माऱ्याने पात्राच्या भिंतीही किरणोत्सर्गी होतात. ईटर बंद झाल्यावर ते मोडण्याची जबाबदारी यजमान म्हणून फ्रान्सची आहे. कुठल्याही केंद्राबाबत ट्रिटियमचा साठा किती, भूजलाची तपासणी कोण करणार आणि कचरा कुठे ठेवणार, हे लेखी मागा. उत्तर आलं की ते किरणोत्सर्ग-सुरक्षेच्या जाणकाराला दाखवा. व्याख्यात्याला नको.

ईटरसाठी किती गावं उठवली? (बीड)

एकही नाही. फ्रान्सचं अणुसंशोधन केंद्र तिथे 1959 पासून आहे आणि ईटरची जागा त्याला लागूनच, जंगलातली. झाडं मात्र गेली. एकूण 180 हेक्टरपैकी 42 हेक्टरवर मुख्य बांधकामाचा चौथरा आहे. ‘तिथे कुणी विस्थापित झालं नाही, मग इथेही होणार नाही’ असं कोणी सांगितलं, तर आधी जमिनीची मालकी विचारा.

प्रकल्पाच्या गावाला वीज फुकट मिळेल? (परभणी)

ईटर वीज तयारच करणार नाही, तो प्रयोग आहे. उलट त्यालाच ग्रिडमधून 110 मेगावॉट लागतील, आणि प्रयोगाच्या ऐन वेळी 30 सेकंदांपुरते 620 पर्यंत.

स्थानिकांना नोकऱ्या किती मिळतात? आमच्या ग्रामपंचायतीला आकडा हवा आहे. (एक सरपंच)

सरपंच, आकडा मागू नका, वेळापत्रक मागा. गेली कित्येक वर्षं मी हेच सांगतो आहे आणि तरी पत्रात आकडाच विचारलेला असतो.

ईटरचा करार नोव्हेंबर 2006 मध्ये झाला तेव्हा पहिला प्लाझ्मा 2016 ला दिसणार होता. मग 2025 म्हणाले. 2022 मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाने जुळणीचं काम थांबवलं, मोठ्या भागांमध्ये दोषही निघाले. 2024 च्या आराखड्यानुसार संशोधन 2034 ला सुरू होणार आणि ड्युटेरियम-ट्रिटियमचे, म्हणजे खऱ्या इंधनाचे, प्रयोग 2039 ला. तिथल्या प्रादेशिक व जिल्हा संस्थांनी मिळून 46.7 कोटी युरो देऊ केले होते. समुद्राकाठच्या बेर सरोवरापासून प्रकल्पापर्यंतचा 104 किलोमीटरचा मार्ग अवजड वाहतुकीसाठी रुंद केला, पूल मजबूत केले. खर्च आधी होतो, फळ नंतर, आणि हे ‘नंतर’ लांबत जातं. 2016 धरून खोल्या बांधायला कर्ज काढणाऱ्याचे हप्ते कुठलाही नियामक थांबवत नाही.

शिवाय कामाची जात बदलत राहते. आधी माती आणि काँक्रीट, मग जुळणी, मग चालवणं. पहिल्या टप्प्यातला गवंडी दुसऱ्यात बेकार होतो. ईटरचं सुमारे 3,800 टनांचं क्रायोस्टॅट, म्हणजे यंत्राभोवतीचं पोलादी निर्वात कवच, आपल्याकडे गुजरातेत हजीऱ्याला घडलं आणि त्याचे तुकडे तिकडे नेऊन जागेवरच्या शेडमध्ये जोडले गेले. असल्या वेल्डिंगला तुमच्या गावातला आयटीआय झालेला मुलगा घेतील का? त्या दर्जाचं प्रमाणपत्र असेल तरच. ते मिळवून देणार कोण, हे करारात लिहून घ्या. नाहीतर गावाच्या वाट्याला कॅन्टीन, सफाई आणि रखवाली, तीही कंत्राटदाराच्या मर्जीवर.

फ्रान्समध्ये 2006 च्या कायद्याने अशा केंद्रांसाठी स्थानिक माहिती समिती असते. लोकप्रतिनिधी, कामगार संघटना, पर्यावरणवादी तिच्यात बसतात आणि समिती स्वतः तपासण्या करवून घेऊ शकते. ग्रामसभेत ठराव करून तशी समिती मागा. आपल्याकडच्या 2006 च्या पर्यावरण-परिणाम अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी असेल तर किमान 30 दिवस आधी सूचना आणि अहवालाचा मराठी सारांश मिळाला पाहिजे. तुमच्या प्रकल्पाला सुनावणी लागू होते का, हे त्याच्या वर्गावर ठरतं. पर्यावरण कायद्याच्या वकिलाला आजच भेटा, बातमी छापून येण्याची वाट पाहू नका.

एजंट म्हणतो, शेजारी ‘फ्यूजन हब’ येतोय, प्लॉट आत्ताच घ्या. (नाशिक)

अधिसूचनेचा क्रमांक मागा. तो बहुधा साहेबांची ओळख सांगेल, नाहीतर व्हॉट्सॲपवरचा नकाशा दाखवेल. देशातली प्लाझ्मा संशोधन संस्था गांधीनगरजवळ भाट इथे आहे, आणि तिथला ‘आदित्य’ टोकामॅक (चुंबकांनी प्लाझ्मा कोंडणारं यंत्र) 1989 पासूनचा. असं केंद्र गुपचूप उगवत नाही. सातबारा, फेरफार आणि बिगरशेतीचा आदेश वकिलाला दाखवल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. ‘उद्या भाव वाढणार’ म्हणणाऱ्याला उद्याच भेटा.

भूकंप झाला तर? (कराड)

रास्त शंका. 1909 मध्ये त्या भागात, लांबेस्कजवळ, मोठा भूकंप झाला होता. म्हणून मुख्य इमारत 493 भूकंपरोधक आधारांवर उभी केली आहे. इतर कुठल्याही जागेसाठी तिथला स्वतंत्र भूकंप-अभ्यास बघा, कादाराशचा चालणार नाही.

नवऱ्याची ईटरवर नेमणूक झाली आहे. मुलांच्या शाळेचं काय? (पुणे)

मानोस्कला सरकारी आंतरराष्ट्रीय शाळा आहे, 2007 मध्ये सुरू झालेली, ईटरच्या कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवूनच. कोणत्या भाषेच्या विभागात जागा आहे हे शाळेलाच विचारा, आणि घराचा करार त्यानंतर करा.